कित्ता, तख्ती आणि जुळलेली अक्षरे

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त दुसऱ्या भागातला पंचविसावा आईन मुलांच्या शिक्षणाविषयी आहे. जेमतेम पानभराचा मजकूर. अकबराच्या धर्मविचारावर, त्याच्या लढायांवर, त्याच्या नवरत्नांवर आपल्याकडे पुस्तकांच्या राशी पडल्या आहेत. पण या पानाकडे फारसे कोणी वळत नाही. खरे तर मूल आधी काय शिकते आणि कुठे अडते, याचा इतका नेमका विचार त्या काळच्या दरबारी लिखाणात सहसा सापडत नाही.

आईनची सुरुवातच तक्रारीने होते. सगळीकडेच, पण विशेषतः हिंदुस्थानात, पोरांना वर्षानुवर्षे अक्षरांतच अडकवून ठेवतात, आयुष्याचा मोठा भाग वाया जातो, असे अबुल फजल लिहितो. मग बादशहाचा हुकूम येतो. मुलाने आधी अक्षरे लिहायला शिकावे, त्यांची निरनिराळी रूपे गिरवावीत. एकेका अक्षराचा आकार आणि नाव यांना दोन दिवस पुरेत. त्यानंतर जुळलेली अक्षरे, त्यांना एक आठवडा. मग थोडे गद्य, थोडे पद्य पाठ करावे, आणि ते सुटेसुटे लिहून पाहावे. जे समोर येईल ते मुलाने होता होईल तो स्वतःच ओळखावे, उस्तादाने थोडाच हात द्यावा. रोज एखादा मिसरा किंवा शेर लिहिण्याचा सराव ठेवला की हात वळणावर येतो. उस्तादाने रोज पाच गोष्टींवर लक्ष ठेवावे: अक्षरओळख, शब्दांचे अर्थ, मिसरा, शेर आणि कालचा धडा. असे केले तर वर्षांचे काम महिन्यात, एवढेच काय दिवसात होईल, असा दावा आहे. दरबारी इतिहासकाराची अतिशयोक्ती त्यातून वजा करून घ्यावी. पुढे विषयांची मोठी यादी आहे. नीतिशास्त्र, हिशेब, शेती, मोजणी, वैद्यक, तर्क, आणि संस्कृत शिकणाऱ्यांसाठी व्याकरण, न्याय, वेदान्त, पतंजली. काळाला ज्याची गरज आहे त्याकडे कोणाला दुर्लक्ष करू देऊ नये, असेही एक वाक्य आहे. पण माझे लक्ष त्या दोन दिवसांवर आणि त्या एका आठवड्यावर आहे.

हा हुकूम देणाऱ्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, ही गोष्ट या पानाला वेगळाच अर्थ देते. आपल्याकडे मुलाला चार वर्षे, चार महिने, चार दिवस झाले की बिस्मिल्ला करतात. हुमायूनने अकबराची बिस्मिल्ला १५४७ साली काबूलमध्ये ठरवली, ज्योतिषाचे गणित करून मुहूर्त काढला. नेमक्या मुहूर्ताला शागीर्दच गायब. खेळायला पळाला होता. अबुल फजलने हे स्वतः नोंदवले आहे, अर्थात त्यातही त्याला ईश्वरी संकेत दिसतो. पहिला उस्ताद कबुतरबाजीच्या नादी होता म्हणून बदलला गेला, दुसरा आला, आणखी आले. अक्षर काही बसले नाही. पुढे जहांगीरने आत्मचरित्रात बापाला 'उम्मी', म्हणजे निरक्षर म्हटले आहे. पण याच माणसाला रोज पुस्तके वाचून दाखवली जात. वाचणारा जिथे थांबे तिथे तो पानांच्या संख्येप्रमाणे स्वतःच्या कलमाने खूण करी आणि त्या हिशेबाने वाचणाऱ्याला मोबदला मिळे. आजचे काही अभ्यासक त्याला डिस्लेक्सिया असावा असे म्हणतात. साडेचारशे वर्षांनी असे निदान करण्याच्या फंदात मी पडणार नाही. मात्र अक्षरांपाशी अडलेल्या मुलाला काय वाटते हे त्याला कळत असणार, एवढे म्हणायला हरकत नाही. स्वतःच्या मुलाला, सलीमला, त्याने १५७३ च्या नोव्हेंबरात वेळेवर उस्तादाच्या हाती दिले.

आता त्या आठवड्याकडे येऊ. अरबी वळणाच्या लिपीत मुलाची खरी अडचण सुट्या अक्षरांची नसतेच. 'बे' एकटा असतो तेव्हा होडीसारखा दिसतो, खाली एक नुक्ता. शब्दाच्या सुरुवातीला आला की होडी नाहीशी होते, नुसता एक दात उरतो आणि त्याखाली नुक्ता. त्याच दातावर दोन नुक्ते दिले की 'ते', तीन दिले की 'से', एक दिला की 'नून', खाली दोन दिले की 'ये'. पाच अक्षरांचा देह एकच. मुलाला आकार नव्हे, नुक्ते मोजावे लागतात. त्यात अलिफ, दाल, जाल, रे, जे आणि वाव ही सहा अक्षरे मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत. म्हणून शब्द मध्येच तुटतो आणि नव्या मुलाला तिथे शब्द संपला असे वाटते. त्याच्यावर आणखी एक गुंता आपल्या भागातल्या मुलांचा. कुरआन नस्ख वळणात, तर उर्दूचे पुस्तक नस्तालीकमध्ये. नस्खमध्ये शब्द ओळीवर सरळ बसतो. नस्तालीकमध्ये तो उजवीकडून वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरत येतो. कायदा नीट वाचणारे मूल उर्दूच्या पहिल्या पुस्तकापाशी अडखळते, आणि मोठी माणसे म्हणतात, याला तर अलिफ-बे येत होते!

ही अडचण जुन्या उस्तादांना ठाऊक होती. बगदादचा वजीर इब्न मुक्ला, जो ९४० साली वारला, त्याने अक्षरांना माप दिले. कलमाच्या टोकाने उमटणारा चौकोनी नुक्ता हे एकक; अलिफ इतक्या नुक्त्यांचा उंच, बाकीची अक्षरे त्या अलिफच्या हिशेबात. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि उरलेल्या मनगटाला कलम बांधून तो लिहीत राहिला, असे इतिहासकार सांगतात. त्याच्या मापामुळे अक्षर 'शिकवता येण्याजोगे' झाले. उस्ताद बोट ठेवून सांगू शकला की इथे एक नुक्ता कमी पडला. मग मुफरदात म्हणजे सुटी अक्षरे, आणि मुरक्कबात म्हणजे जुळलेली, हा क्रम पक्का झाला. आजच्या नूरानी कायद्याचे पहिले दोन धडे याच नावांचे आहेत.

पण हाच एक मार्ग नव्हता. इब्न खल्दूनने १३७७ च्या सुमारास लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या आहेत. मिसरमध्ये खताचे खास उस्ताद होते, ते एकेक अक्षर नियमांनी शिकवत. अंदलुस आणि मगरिबमध्ये मात्र सुटे अक्षर शिकवतच नसत. मूल पूर्ण शब्दाची नक्कल करी, उस्ताद पाहत बसे, हात बसेपर्यंत हेच चाले. त्याचा कौल मिसरच्या बाजूने आहे. दुसऱ्या एका प्रकरणात तो मुलांच्या तालमीचे देशोदेशीचे प्रकार सांगतो आणि तिथे एक बोचरे निरीक्षण आहे. पूर्वेकडच्या मुलुखात लिहिणे मकतबात शिकवत नाहीत, ते वेगळे हुन्नर मानतात. मुलांच्या पाट्यांवर जे लिहून दिलेले असते त्याचे वळण सामान्य असते, आणि ज्याला चांगले अक्षर हवे त्याने पुढे हुन्नरवाल्या उस्तादाकडे जावे. वाचणे एकीकडे, लिहिणे दुसरीकडे. ही फारकत पुढेही टिकली, त्याकडे मी शेवटी येतो.

आपल्या मराठीत 'कित्ता गिरवणे' म्हणतात. हा कित्ता अरबी 'कित्आ', म्हणजे तुकडा. उस्ताद कागदाच्या तुकड्यावर वळणदार ओळ लिहून देई, शागीर्द ती बघून लिही, त्या तुकड्याचे हे नाव. कागद फारसी, कलम आणि दौत अरबी, शाई म्हणजे फारसी सियाही, तक्ता फारसी, दफ्तरही तिकडूनच आलेले. लेखणी आणि बोरू आपले. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश चाळला की मराठी माणसाचे लिहिण्याचे सगळे सामान कसे जमले ते दिसते. ज्यांना 'मराठीतली परकी भाषा' काढून टाकायची हौस येते, त्यांना ती हौसही फारसी कागदावर लिहावी लागेल.

मराठीची जुळलेली लिपी म्हणजे मोडी. शिरोरेघ आधी पानभर आखून घ्यायची, मग अक्षरे तिच्याखाली टांगत जायचे. काना वरून खाली येऊन थांबत नाही, खालून वर रेघेपर्यंत जातो, म्हणजे हात पुढच्या अक्षरावर तयार. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. परंपरा हिचे श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री याला देते, तेराव्या शतकातल्या.

एक मत असेही आहे की फारसीत 'शिकस्ता' म्हणजे मोडलेली नावाची घसटी लिपी आहे, तिच्यावरून मोडी आली, नावसुद्धा तिचेच भाषांतर. आपल्यातल्या काहींना हे ऐकून बरे वाटते. पण कालगणना जमत नाही. शिकस्ता आकाराला आली ती सतराव्या शतकात, इराणात आणि मोगल कचेऱ्यांत. हेमाद्रीनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. नावाच्या बाबतीत नंतरच्या कारकुनांनी दोन्हींची सांगड घातली असेल, पण एक लिपी दुसरीची लेक नव्हे. दोघींना जन्म दिला तो कचेरीच्या घाईने. पत्रांचा ढीग पडलेला, कारकुनाने हात उचलला की वेळ गेला. इराणच्या मुन्शीला आणि पैठणच्या कारकुनाला एकच उत्तर सुचले. हे मला उसनवारीपेक्षा मोठे वाटते.

उसनवारी नव्हती तरी शेजार होता. विजापुरात पहिल्या इब्राहीम आदिलशहाने, म्हणजे १५३४ ते १५५८ च्या काळात, हिशेबाची दफ्तरे फारसीऐवजी देशी भाषेत आणली. आदिलशाही फर्मानांत फारसी मजकुराबरोबर मोडीतला मराठी मजकूर असलेले कागद आहेत. त्याच विजापुरात दुसऱ्या इब्राहीमने खलीलुल्लाह या खुशनविसाला 'बादशाह-ए-कलम' असा किताब दिला. म्हणजे एका वाड्यात नस्तालीकचा उस्ताद आणि त्याच्याच कचेरीत बोरूने मोडी ओढणारा कुलकर्णी.

ही मोडी मुलाला कशी येई? पंतोजीकडे आधी धूळपाटी. लाकडी फळीवर धूळ किंवा बारीक वाळू पसरायची, काडीने किंवा बोटाने पंतोजी अक्षर काढून देणार, मुलाने त्यावरूनच पुन्हा पुन्हा हात फिरवायचा. चुकले की फळी हलवली, पाटी कोरी. कागद महाग, म्हणून तो सगळ्यात शेवटी. मग कित्ता आणि खर्डे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. तो बाळबोध अक्षराविषयी आहे, मोडीविषयी नाही. पण त्यात गोलाई, सरळपणा, शाईचा काळेपणा, समासाची जागा यांचा विचार आहे, आणि सुरुवातीचे व शेवटचे अक्षर एकाच लेखणीचे वाटावे हा आग्रह आहे. इब्न मुक्लाचा नुक्ता आणि समर्थांचा हा आग्रह शेजारी ठेवून वाचावेत.

मोडी मोडली ती छापखान्याने. विल्यम केरीने १८१० साली श्रीरामपूरहून मराठी कोश काढला तो मोडी खिळ्यांत. पण जुळत जाणाऱ्या लिपीचे खिळे पाडणे जिकिरीचे, बाळबोध खिळे सोपे. पुढे मुंबई सरकारनेही कामकाजासाठी बाळबोध पसंत केली, आणि १९५० च्या दशकापर्यंत मोडी शाळांतूनही गेली. नस्तालीकवर हेच संकट होते. ती वाचली, कारण उर्दूवाल्यांनी खिळे नाकारून शिळाप्रेस धरला. कातिब हाताने लिहीत राहिले, वर्तमानपत्रेसुद्धा रोज हाताने लिहून छापली गेली. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने संगणकावर वळण उतरवले तेव्हा कुठे लाहोरचा 'जंग' कातिबाशिवाय निघाला. दीडशे वर्षे एका लिपीला कातिबांच्या पाठीच्या कण्याने तोलून धरले होते.

मोडी गेल्याने आपले काय गेले, हे मुसलमानांनी विचारायला हवे. मशिदीच्या दिवाबत्तीचे इनाम, दर्ग्याच्या उरुसाचा खर्च, काझीचे वतन, तकियाची जमीन, यांचे कागद बहुतेक मोडीत आहेत. १८५२ च्या इनाम कमिशनच्या कायद्याने इनामदारांना हक्काचे कागद दाखवायला लावले, तेव्हा घराघरांत सनदा शोधल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी आजही रुमालात बांधून, कुरआनाच्या शेजारी, कपाटात वर ठेवलेल्या असतात. वक्फच्या जमिनीवर वाद उभा राहिला की रुमाल खाली येतो, आणि घरात तो वाचणारा कोणी नसतो. मग मोडी वाचक शोधायचा, पानाप्रमाणे पैसे द्यायचे, आणि तो सांगेल तो अर्थ मानायचा. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचीही तीच कथा. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातले ४५ खंड छापले, पण न वाचलेले रुमाल त्याच्या कितीतरी पट आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. वाचता येईल इतपत मोडी काही आठवड्यांत येते. त्या वर्गांत आपली मुले-मुली किती असतात, हा प्रश्न मी वाचणाऱ्यांवर सोडतो.

मोडी शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट जाणवते: लिहायला सोपी, वाचायला अवघड. उर्दूचेही तेच. जेर-जबर-पेश सहसा लिहीत नाहीत, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दांतली जागा नाही. दोन्हीकडे वाचणाऱ्याला शब्द आधीच माहीत असावा लागतो. अशी लिपी डोळ्याने शिकायला गेले तर जड जाते. हाताने शिकले की जोड कुठून निघतो आणि कुठे जातो हे बोटांना कळलेले असते, मग डोळा मागून येतो. म्हणूनच आईनमधला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. बादशहाने आधी 'लिहा' म्हटले. मारिया माँटेसरीने १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले, तिथे मुले खरखरीत कागदाच्या कापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि वाचण्याच्या आधी लिहू लागत. अक्षरेही तिने घसटी वळणाची निवडली होती. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी तिची पद्धत आणून रुजवली. धूळपाटीवर बोट फिरवणाऱ्या मुलाला यात नवे काही वाटले नसते, फक्त छडी कमी झाली. घसट्या इंग्रजीचे चाक तर उलटे फिरते आहे. अमेरिकेने २०१० च्या अभ्यासक्रमात ती वगळली आणि २०२४ पासून कॅलिफोर्नियाने प्राथमिक शाळांत पुन्हा सक्तीची केली. आपली पोरे चाररेघी वहीत ती घोटतच आहेत.

मग आपल्या मकतबात काय चालते? बहुतेक ठिकाणी मूल कायदा वाचते, कुरआन नाजरा पूर्ण करते, आणि एकही अक्षर लिहीत नाही. इब्न खल्दूनने पाहिलेली तीच फारकत. तख्ती नाही, बोरू नाही, वहीसुद्धा नाही. मुरक्कबातचा धडा तोंडाने होतो. नंतर उर्दू शाळेत गेलेले मूल सावरते, मराठी किंवा इंग्रजी माध्यमातले मूल दहा वर्षांनी ती लिपी विसरते. रोज दहा मिनिटे पाटीवर दोन जोड लिहायला लावले तर उस्तादाचा वेळ वाढत नाही, उलट वाचतो. ज्या सूरतच्या पहिल्या आयती बिस्मिल्लाच्या दिवशी मुलाकडून म्हणवून घेतो, त्या वाचण्याबरोबर कलमाचेही नाव घेतात. सीरतच्या ग्रंथांत बदरच्या कैद्यांची हकीकत आहे: ज्यांच्याकडे दंड भरायला पैसा नव्हता पण लिहिता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवले की सुटका. शिकवणारे मुसलमान नव्हते, आणि शिकवले ते लिहिणे.

मुलींच्या बाबतीत ही फारकत अपघाताने झाली नाही, ती मुद्दाम केली गेली. एकोणिसाव्या शतकात उत्तरेच्या शरीफ घरांत मुलीला कुरआन वाचायला शिकवत, लिहायला नाही. लिहिता आले तर ती कोणाला तरी चिठ्ठी लिहील, ही भीती. हदीसमध्ये मात्र शिफा बिन्ते अब्दुल्लाह यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा यांना लिहायला शिकवल्याचा उल्लेख आहे, आणि तो अबू दाऊदच्या संग्रहात सर्वांसमोर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवींनी मुलींसाठी 'बहिश्ती जेवर' लिहिले, त्याचा पहिला भाग अक्षरे, जुळलेली अक्षरे आणि पत्राचे मायने यांनी सुरू होतो. इतक्या परंपरावादी आलिमानेही मुलीच्या हातात कलम दिले.

पण त्याच्या आधीच एका मुलीने ते घेतले होते. अशरफुन्निसा, १८४० चा जन्म, बिजनौर जिल्हा. कुरआन वाचता येत होता. लिहायला घरच्या वडीलधाऱ्यांची मनाई. दुपारी सगळे आडवे झाले की ती स्वयंपाकघरातून तव्याची काजळी, घड्यावरची झाकणे आणि झाडूच्या काड्या घेऊन गच्चीवर जाई आणि उर्दूच्या ओळी बघून बघून उतरवी. काय उतरवते आहे ते तिला वाचता येत नव्हते. नुसते आकार, नुसते जोड. कित्ता होता, उस्ताद नव्हता. हळूहळू वाचताही आले. पुढे विधवा झाल्यावर लाहोरच्या व्हिक्टोरिया गर्ल्स स्कूलमध्ये ती मुलींना शिकवू लागली, आणि आपण लिहायला-वाचायला कशा शिकलो ही हकीकत तिने स्वतःच्या हाताने लिहिली. मुहम्मदी बेगम ज्याच्या संपादक होत्या त्या 'तहजीब-ए-निस्वां' या लाहोरच्या साप्ताहिकात ती छापून आली.